गेलेले काम आणि आलेले काम : एका आक्षेपाला उत्तर

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. आपले म्हणणे असे की, प्रत्येक नव्या यंत्राने जुनी कामे घालवली तरी निदान तितकीच नवी कामे दिली, तेव्हा त्याचे परिणाम वयानुसार वेगळे मांडणे म्हणजे पन्नाशीतल्या माणसांना विनाकारण घाबरवणे होय. एकूण रोजगारापुरते हे मला बऱ्याच अंशी मान्य आहे. परंतु गेलेले काम ज्याचे होते त्यालाच नवे काम मिळते असे नाही, आणि माझा लेख त्याच तफावतीबद्दल होता.

अमेरिकेत १९२० ते १९४० या काळात निम्म्याहून अधिक टेलिफोन-जाळ्यात हाताने जोडणी करून देणाऱ्या ऑपरेटरांची जागा स्वयंचलित यंत्रणेने घेतली. हे काम तेव्हा तरुण मुलींच्या हमखास नोकऱ्यांपैकी एक होते. जेम्स फायगेनबॉम व डॅनियल ग्रॉस या अर्थशास्त्रज्ञांनी जनगणनेच्या नोंदी तपासल्या, तेव्हा असे दिसले की पुढच्या पिढीतील मुलींना कार्यालयीन कामे, उपाहारगृहे अशा ठिकाणी नोकऱ्या मिळाल्या आणि त्यांचा एकूण रोजगार घटला नाही. मात्र यंत्रणा बदलली त्या वेळी कामावर असलेल्या ऑपरेटरांपैकी अनेकजणी दहा वर्षांनंतर रोजगाराबाहेर तरी होत्या, किंवा कमी वेतनाच्या कामावर तरी. म्हणजे आपला आशावाद खरा ठरला, पण तो दुसऱ्यांच्या बाबतीत.

‘तरुणांचे नेहमी भलेच होते’ या माझ्या वाक्यावरची आपली टीका मात्र रास्त आहे. ते वाक्य मी मागे घेतो. जर्मनीत १९९४ ते २०१४ या काळात कारखान्यांत यंत्रमानव आले, तेव्हा आधीपासून असलेले बरेच कामगार त्याच कारखान्यात दुसऱ्या कामावर टिकले आणि झळ बसली ती नव्याने येऊ पाहणाऱ्या तरुणांना, कारण त्यांची भरतीच कमी झाली. कपातीची निदान चर्चा होते, न झालेल्या भरतीची होत नाही.

राहिला ‘शिकेल तो टिकेल’ हा आपला मुद्दा. पंचविशीत शिकलेले कौशल्य पस्तीस वर्षे वापरता येते, बावन्नाव्या वर्षी शिकलेले जेमतेम आठ-दहा वर्षे. त्यामुळे शिकण्याची कितीही इच्छा असली तरी तो खर्च करायला मालक कचरतो आणि घर चालवणाऱ्या कामगाराला तो झेपत नाही. प्रशिक्षणाच्या महिन्यांतले वेतन कोणी द्यायचे, हा प्रश्न मी लेखात विचारला होता. त्याविषयी आपल्या प्रतिक्रियेत काही नाही. आपले मत अवश्य कळवावे.