बोट न टोचता साखर सांगणारं घड्याळ? मेसेज पुढे पाठवू नका

माझी मावशी कित्येक वर्षं इन्सुलिनवर आहे. परवा तिने फोन करून विचारलं, "अरे, आता ते बोट टोचणं बंद केलं तर चालेल ना?" तिच्या भिशीच्या ग्रुपवर मेसेज आला होता: घड्याळातली नवी सेमीकंडक्टर चिप न टोचता साखर सांगते, एका थेंबात घरबसल्या दोनशे चाचण्या होतात आणि लॅबवाले हे सगळं दाबून ठेवतात.

आधी घड्याळाचं बघू, कारण यात माणूस जाऊ शकतो. घड्याळाच्या पाठीचा हिरवा दिवा नाडी मोजतो. ऑक्सिमीटर लाल आणि अवरक्त प्रकाशाने ऑक्सिजन सांगतो, तेही बरोबर. पण तिथे मोजायला हिमोग्लोबिन असतं, लिटरभर रक्तात १२० ते १५० ग्रॅम, आणि ते रंगीत असतं. साखर शंभर आली म्हणजे लिटरमागे फक्त १ ग्रॅम, तीही बिनरंगाची. अवरक्त प्रकाशात तिची जी काही खूण उमटते, ती शरीरातल्या पाण्याखाली दबून जाते. अनेक वर्षं संशोधन चालू आहे ते याच अडचणीवर. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त घड्याळात ती सुटलेली नाही.

अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने २१ फेब्रुवारी २०२४ रोजी जाहीर इशारा दिला: त्वचेला न टोचता स्वतःच साखर मोजणाऱ्या एकाही स्मार्टवॉचला किंवा अंगठीला आम्ही मान्यता दिलेली नाही, ती वापरू नका. कारणही स्पष्ट दिलंय. चुकीच्या आकड्यावर इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या जास्त घेतल्या गेल्या, तर काही तासांत भ्रम, कोमा, मृत्यू. घड्याळ २४० दाखवतंय, खरी साखर ९० आहे आणि घरात एकटी असलेली मावशी चार युनिट जास्त घेते, असं डोळ्यासमोर आणा. मेसेज पाठवणाऱ्याने हा विचार एकदा तरी केला होता का?

काही घड्याळांवर साखर खरंच दिसते, हे मान्य. पण ती दंडावर किंवा पोटावर चिकटवलेल्या सीजीएम (सतत साखर मोजणाऱ्या) सेन्सरकडून येते आणि त्या सेन्सरची बारीक तार कातडीखाली असते. घड्याळ नुसता पडदा.

चिपवर रक्त तपासता येतं, हेही खरं. पीट बर्गवेल्ड यांनी नेदरलँड्समध्ये १९७० सालीच आयन (द्रावणातले सोडियम-पोटॅशियमसारखे विद्युतभारित कण) ओळखणारा ट्रान्झिस्टर मांडला होता. आज आय-स्टॅटसारख्या हातात मावणाऱ्या यंत्राच्या कार्ट्रिजमध्ये सिलिकॉन चिपवर सेन्सर असतात. दोन-तीन थेंब रक्त घातलं की सोडियम, पोटॅशियम, साखर काही मिनिटांत कळते. पण रक्त लागतंच. शिवाय कार्ट्रिज फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, एकदाच वापरता येतं आणि त्यावर मोजक्याच चाचण्या होतात.

एका थेंबात शेकडो चाचण्यांचं स्वप्न थेरानोस या अमेरिकन कंपनीने विकलं होतं. प्रत्यक्षात बहुतेक चाचण्या बाजारातल्या नेहमीच्या यंत्रांवर उरकल्या जात होत्या. संस्थापक एलिझाबेथ होम्स २०२२ मध्ये गुंतवणूकदारांच्या फसवणुकीत दोषी ठरल्या आणि त्यांना ११ वर्षांहून जास्त शिक्षा झाली.

आणि लॅबवाले दाबतात म्हणे! न टोचता साखर मोजणारं यंत्र ज्याला जमेल तो अब्जावधी कमावेल. ते लपवून कोणाचा फायदा?

घड्याळ घेऊन बसला असाल तर पावलं मोजा. इन्सुलिनचे युनिट ग्लुकोमीटर आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच ठरवा. मेसेज आला असेल त्याच ग्रुपवर एफडीएचा इशाराही टाका.