बो किंबलला नुसतं फ्लॉप म्हणू नका

लेखात एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) ड्राफ्टमधल्या, म्हणजे टीम्स पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यातल्या, फसलेल्या खेळाडूंमध्ये बो किंबलचं नाव एका ओळीत उरकलंय, ते अजिबात पटलं नाही. १९९० ला क्लिपर्स टीमने त्याला आठव्या नंबरवर घेतलं आणि तीन सीझनमध्ये सगळं आटोपलं हे खरंच आहे, शेवटी न्यूयॉर्क निक्सकडे तर जेमतेम ९ मॅच मिळाल्या. पण त्याआधी लोयोला मेरीमाउंट कॉलेजला हा गार्ड (बाहेरून बॉल खेळवणारा खेळाडू) मॅचला सरासरी ३५ च्या वर पॉइंट काढत होता, अख्ख्या अमेरिकेत पहिला! अर्थात कोच पॉल वेस्टहेडची ती पळापळीची सिस्टीम, बॉल हातात आला की काही सेकंदात शॉट टाकायचाच, एनबीएत असं कोण खेळू देणार, तिथे त्याला बेंचवरून येऊन थोड्या मिनिटांत जमवायचं होतं.

आणि त्याच्या टीममेट हँक गॅदर्सचा साधा उल्लेखही नाही? फिलाडेल्फियात एकाच शाळेत खेळलेले दोघं, कॉलेजही बरोबरच बदललं, आणि मार्च १९९० मध्ये हँक कोर्टवरच कोसळला नि गेला. हँक फ्री थ्रो (फाउल झाल्यावर मिळणारा मोकळा शॉट) डाव्या हाताने टाकायचा म्हणून उजव्या हाताच्या किंबलने एनसीएए स्पर्धेत (अमेरिकेतल्या कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा) प्रत्येक मॅचचा पहिला फ्री थ्रो डाव्या हाताने टाकला, आणि सगळे आत गेले. गतविजेत्या मिशिगनला १४९-११५ असं धुतलं त्या पोरांनी, शेवटच्या आठात यूएनएलव्ही या लास वेगासच्या विद्यापीठाकडून हरले तेव्हाच थांबले. प्लीज लेखात एवढं तरी ॲड करा.