कुठे असतं हो आता असं?

आज संध्याकाळी आमच्या इथे 'रावसाहेब' सिनेमा दाखवला. विजया मेहतांचा, १९८६चा, जयवंत दळवींच्या 'बॅरिस्टर' नाटकावरून केलेला, विधवांच्या जिण्यावरचा. संपल्यावर चहा घेताना एक बाई म्हणाल्या, "छान आहे, पण कुठे असतं हो आता असं? कशाला उकरून काढायचं?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. तेव्हापासून डोकं तापलंय माझं.

कुठे असतं? आमच्या घरी असतं. पुण्यात, शिकल्यासवरलेल्या घरात. चुलतभावाच्या मुलाची मुंज होती. आईवडील नोकरीला, त्यामुळे पोराला आजीनं, म्हणजे आमच्या विधवा काकूंनी वाढवलेलं. भिक्षावळीला बायका रांगेनं पुढे झाल्या आणि काकू आपोआप स्वयंपाकघरात. कोणी जा म्हटलं नाही हो! हळदीकुंकू लावणारीचं बोट काकूंच्या कपाळापाशी येऊन थबकलं आणि शेजारणीकडे वळलं. तेवढं पुरलं.

केशवपन गेलं, मान्य. १८९०च्या सुमारास मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांनी न्हाव्यांना एकत्र करून 'विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही' म्हणायला लावलं, ही गोष्ट आपल्या किती घरांत सांगितली जाते? आपल्याला आपले सुधारक तेवढे पाठ. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३मध्ये विधवा गोदूबाईंशी लग्न केलं, त्यांच्या मुरूड गावानं वाळीत टाकलं, तरी ते हटले नाहीत. त्यांच्यापुढे हात जोडतेच मी. पण विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या न्यायमूर्ती रानड्यांवर १८७३मध्ये स्वतः लग्न करायची वेळ आली तेव्हा वडिलांच्या शब्दाखातर अकरा वर्षांची मुलगी करून आणली. मोठा माणूस, काळ कठीण, सगळं कबूल. तरीही राग येतोच. सिनेमातला बॅरिस्टरही तसाच. विलायतेहून शिकून आलेला, बोलायला सुधारक, आणि निभवायची वेळ आली की पाय मागे. त्यातली तरुण विधवा राधाक्का मात्र त्याच्या शब्दावर विसंबलेली.

काकूंनाही त्या दिवशी सगळे म्हणत होते, "आम्ही काही मानत नाही हं." मग ताम्हनात तांदूळ घेऊन त्यांना हाताला धरून बाहेर का नाही आणलं कोणी?

त्यांना स्वतःलाच नको होतं, असं वहिनी म्हणते. असेलही. तीस-पस्तीस वर्षं मागे उभं राहिल्यावर पुढे यायला पाय उचलत नसेल.

हेरवाडच्या ग्रामसभेनं २०२२मध्ये ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद. कोल्हापूरकडच्या शिरोळ तालुक्यातलं एक गाव. आणि आपण सदाशिव पेठेत बसून विचारतो, कुठे असतं आता?

काकूंच्या हातचे बेसनलाडू त्या दिवशी सगळ्यांनी वाखाणले. त्या दारामागून बघत होत्या, पोरगं झोळी घेऊन "भवति भिक्षां देहि" म्हणत होतं. त्यानं दोनदा वळून आजीला शोधलं, मी पाहिलंय.

धाकट्याची मुंज येत्या वैशाखात आहे. आत्ताच वहिनीला फोन केला. आईच्या पाठोपाठ भिक्षा आजी घालणार. ती गप्प बसली, मग म्हणाली, गुरुजींना विचारते. मी म्हटलं विचारू नकोस, सांग. काकूंशी उद्या मी बोलते.