"रेकॉर्ड करून ठेव ना" म्हणणाऱ्यांनो, आता बास करा

हे वाक्य आता परत कोणी ऐकवलं ना तर खरंच भांडण होईल माझं. मुलीच्या कस्टडीची केस चालू आहे, तिच्या बापाचे रात्री-अपरात्री फोन, शिव्या, धमक्या, "पोरीचं तोंड बघू देणार नाही तुला", आणि कोर्टात हाच माणूस खाली मान घालून असा उभा राहतो की बघणाऱ्याला माझीच चीड यावी. रेकॉर्ड करावंसं मला वाटत नसेल का?

पण कायदा विचारायला जा, जागा बदलली की उत्तर बदलतं. न्यूयॉर्कमध्ये कॉलवरच्या एकाला माहीत असलं तरी पुरतं, म्हणजे मी स्वतः बोलतेय ना, झालं. कॅलिफोर्नियात खाजगी कॉलला सगळ्यांची संमती लागते, नाहीतर मीच गुन्हेगार. जर्मनीत तर चोरून रेकॉर्ड केलं की 3 वर्षांपर्यंत जेल होऊ शकते. भारतात सुप्रीम कोर्टाने 14 जुलै 2025 ला सांगितलं की नवरा-बायकोच्या केसमध्ये गुपचूप केलेलं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून चालू शकतं, पण तिथेही भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम 63 चं सर्टिफिकेट जोडा, मूळ फोन जपून ठेवा, हे सगळं आहेच. आणि अमेरिकेत एक जण एका राज्यात, दुसरा दुसऱ्यात असला, तर मग कुठला नियम लावायचा?? बरं फोनमधलं रेकॉर्डिंगचं बटण दाबावं तर फोनच मोठ्याने सांगतो कॉल रेकॉर्ड होतोय म्हणून, की लगेच समोरून "कशी आहेस, जेवलीस का".

सगळ्यात डोकं फिरलं ते "मुलीच्या फोनमध्ये ॲप टाक, बाप काय बोलतो ते कळेल" ऐकून. अहो त्या कॉलवर मी नसतेच, ते दुसऱ्यांचं बोलणं चोरून ऐकणं झालं, अमेरिकेत तो फेडरल, म्हणजे देशभर लागू कायद्याखालचा, गुन्हा आहे. तिथल्या काही कोर्टांनी मुलाच्या भल्यासाठी पालक त्याच्या वतीने संमती देऊ शकतो असं मानलंय, पण सगळ्यांनी नाही, आणि उद्या त्याचाच वकील उभा राहून म्हणणार की ही बाई पोरीवर पाळत ठेवते. नऊ वर्षांची आहे ती. बापाशी बोलताना तरी तिला कोणी ऐकत नसावं एवढंही नको का?

मी त्याला स्पष्ट सांगितलंय की जे बोलायचं ते मेसेजवर लिही. त्या रात्री पावणेबाराला परत फोनच आला.