सेन्सिटिव्ह दातांची पेस्ट आणि लिंबू-मिठाचा सल्ला

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरतो आहे: सेन्सिटिव्ह दातांची टूथपेस्ट नस बधिर करून दुखणं दडवते, तिची सवय लागते, दोन दिवसांत गुण येत नाही म्हणजे ती फसवणूकच, त्यापेक्षा लिंबू-मीठ चोळा. हा शेवटचा सल्ला ऐकून लोक स्वतःचे दात झिजवून घेतात, म्हणून लिहायला बसलो.

‘नस बधिर करते.’ दातांना पाणी लागतं ते का? हिरडी खाली सरकली किंवा एनॅमल, म्हणजे दाताचं बाहेरचं कठीण आवरण, झिजलं की आतला थर, डेंटिन, उघडा पडतो. त्यात गाभ्याकडे जाणाऱ्या अतिसूक्ष्म नळ्या असतात, एका चौरस मिलिमीटरमध्ये हजारोंनी. थंड पाण्याने, गोडाने, वाऱ्यानेसुद्धा त्यांतला द्रव हलतो, आतली नस चाळवते आणि कळ येते. स्वीडनच्या मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६०च्या दशकात भक्कम केलेलं हे स्पष्टीकरण आजही सर्वाधिक मान्य आहे. आता पेस्टच्या वेष्टनावरचे घटक वाचा. स्टॅनस फ्लोराइड, आर्जिनिन आणि कॅल्शियम कार्बोनेट, कॅल्शियम सोडियम फॉस्फोसिलिकेट, यांपैकी काही असेल तर ती पेस्ट नळ्यांची तोंडं बुजवते; म्हणजे कळ जिथून सुरू होते तिथेच उपाय करते. नसेवर काम करतं ते पोटॅशियम नायट्रेट, बहुधा ५ टक्के. तेही भुलीच्या इंजेक्शनासारखं काही सुन्न करत नाही, नसेची उत्तेजित होण्याची क्षमता तेवढी कमी करतं. त्याच्या चाचण्यांचे निकाल मात्र एकसारखे नाहीत. वैद्यकीय चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २००६च्या आढाव्यालाही भक्कम पुरावा सापडला नव्हता. म्हणून मी नळ्या बुजवणारी पेस्ट आधी वापरायला सांगेन.

‘दोन दिवसांत गुण नाही.’ नाहीच येणार. रोज दोनदा वापरली तर साधारण दोन ते चार आठवडे लागतात.

‘सवय लागते.’ पेस्ट थांबवल्यावर त्रास परततो, कारण आंबट पदार्थांनी आणि जोरात घासण्याने नळ्यांची तोंडं पुन्हा उघडतात. याला व्यसन म्हणत नाहीत.

आणि लिंबू! त्याच्या रसाचा पीएच (हा आकडा जितका कमी, तितका पदार्थ जास्त आम्ल) दोनच्या आसपास असतो, एनॅमल तर साधारण ५.५च्या खालीच विरघळू लागतं. आम्लाने मऊ झालेल्या दातावर मिठाचे खडे घासणं म्हणजे उरलंसुरलं आवरणही खरवडून काढणं. मिश्री आणि कोळशाची पूड यांनीही दात झिजतात. आंबट खाल्ल्यावर निदान अर्धा तास ब्रशच लावू नका. ब्रश मऊ घ्या, हात हलका ठेवा, आणि पेस्ट थुंकल्यावर खळखळून चूळ भरू नका.

दुखणं दडण्याची भीती मात्र अगदीच अनाठायी नाही. थंड तोंडातून गेल्यावरही ठणका मिनिटभर राहत असेल, रात्री आपोआप दुखत असेल, किंवा चावताना एकाच दातात कळ येत असेल, तर तिथे कीड किंवा तडा असू शकतो. अशा वेळी चार आठवडे पेस्ट लावून वाट पाहू नका, लगेच दंतवैद्याला दाखवा.