हिरवा रंग म्हणजे सरकारजमा नव्हे. जमीन विकायची घाई करू नका

प्रादेशिक योजनेबद्दलचा, म्हणजे कुठली जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या आराखड्याबद्दलचा, एक मेसेज सध्या गावोगावच्या ग्रुपवर फिरतो आहे. तो माझ्या थोरल्या काकांपर्यंत पोचला आणि त्यांनी थेट विसार घ्यायची तयारी केली, म्हणून हे लिहितो आहे. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: नकाशात ज्या गटावर हिरवा रंग आला ती जमीन सरकारजमा होणार, पुढची वीस वर्षं तिथे वीटही लावता येणार नाही, ग्रामसभेने ठराव केला की योजना आपोआप रद्द होते, हरकत घेणाऱ्याचा सातबारा अडकतो, म्हणून योजना मंजूर व्हायच्या आधी मिळेल त्या भावात विकून मोकळं व्हावं.

सरकारजमा? कुठल्या कलमाखाली? प्रादेशिक योजना होते ती महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याने. तिच्यातला रंग जमिनीचा वापर सांगतो, मालक सांगत नाही. हिरवा रंग म्हणजे शेती विभाग. शेती विभागात गेलेली जमीन तुमचीच राहते, वारसांना जाते, विकताही येते. आरक्षण ही वेगळी गोष्ट आहे. रस्ता, बाजार, दवाखाना यांसाठी जागा राखून ठेवली तरी नुसत्या नकाशाने ती कोणाची होत नाही, ती रीतसर संपादन करावी लागते. कलम १२७ तर मालकाच्या बाजूचं आहे. अंतिम योजना लागू झाल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपून जातं. हा शब्द फारसा कोणाच्या कानावर पडत नाही, पण त्याच्या जोरावर कितीतरी जमिनी आरक्षणातून सुटल्या आहेत.

ही भीती हवेतून आलेली नाही, हे मात्र मान्य करावं लागतं. नवी मुंबईची कल्पना प्रादेशिक नियोजनातूनच पुढे आली, १९७० मध्ये ते शहर वसवण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि ठाणे-रायगडमधल्या गावांच्या जमिनी गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर उरण तालुक्यात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतके विकसित भूखंड त्या लढ्यामुळे मिळाले. ज्या घरांनी हे भोगलं त्यांना 'घाबरू नका' असं मी कोणत्या तोंडाने सांगू? पण तिथे भूसंपादन झालं होतं, नकाशात रंग भरला म्हणून जमिनी गेल्या नाहीत. मेसेज हा फरक पुसून टाकतो आणि जुन्या जखमेवर धंदा करतो.

वीटही लावता येणार नाही, हेही खोटं. शेती विभागात शेतघर, गोठा, शेतमालाच्या प्रक्रियेचे उद्योग अशा बऱ्याच गोष्टींना नियमांत परवानगी आहे. प्लॉटिंग करून गुंठ्यांनी विकता येत नाही, एवढं खरं.

आता सगळ्यात घातक मुद्दा: हरकत घेऊ नका, सातबारा अडकेल. हे वाचून माझा संताप झाला. हरकत म्हणजे दावा नव्हे. तिचा सातबाऱ्यावर फेरफार होत नाही, इतर हक्कांत शेरा पडत नाही, नोंदणी थांबत नाही. उलट, प्रारूप योजना प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवणं प्रादेशिक मंडळावर बंधनकारक आहे. कलम १६ त्यासाठी राजपत्रातल्या सूचनेपासून चार महिन्यांची मुदत देतं. शहराच्या विकास योजनेत तर ३० दिवसच मिळतात. साध्या शेतकऱ्याचं म्हणणं कायद्याने ऐकून घ्यावंच लागेल अशी वेळ म्हणजे हे चार महिने. मंजुरीनंतर फेरबदल कलम २० खाली होतो आणि तो निर्णय शासनाच्या हातात असतो. तिथवर कोण पोचतं? ज्याचे मंत्रालयात हेलपाटे घालायला पैसे आहेत तो. शेती विभागाच्या भावात घाबरलेल्या माणसाची जमीन घ्यायची आणि मागाहून तिचा विभाग बदलून आणायचा, यातच खरी कमाई आहे. तुम्हाला हरकतीपासून कोणी अडवत असेल, तर तुम्ही गप्प बसल्याने कोणाचा फायदा होतो ते आधी बघा.

हरकतींनी काही होत नाही म्हणणाऱ्यांनी शेजारच्या गोव्याकडे पाहावं. तिथला 'प्रादेशिक आराखडा २०११' ऑगस्ट २००६ मध्ये अधिसूचित झाला होता. गोवा बचाव अभियानाच्या झेंड्याखाली लोक रस्त्यावर उतरले आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो मागे घ्यावा लागला. पुढचा आराखडा करताना मसुदे गावांकडे पाठवून सूचना मागवाव्या लागल्या. मुंबईच्या विकास आराखड्याचा फेब्रुवारी २०१५ मधला मसुदाही हजारो हरकती आल्यावर काही आठवड्यांतच नव्याने करण्याचा आदेश निघाला. प्रत्येक हरकत मान्य होते असं नाही, सुनावणी कधीकधी उरकली जाते, नकाशे वाचायला अवघड असतात, हे सगळं खरं. पण त्यासाठी प्रशासनाला धारेवर धरा, जमीन फुकू नका.

ग्रामसभेच्या ठरावाचं म्हणाल तर तो करावाच, पण तेवढ्याने योजना रद्द होत नाही. तो मुदतीत हरकत म्हणून दाखल झाला तरच त्याचा विचार होतो. ठराव दप्तरात राहिला आणि मुदत टळली तर गावाचं म्हणणं नोंदलंच जात नाही. अनुसूचित, म्हणजे आदिवासी, क्षेत्रात १९९६ च्या पेसा कायद्यामुळे ग्रामसभेचं वजन जास्त आहे, भूसंपादनाआधी तिच्याशी विचारविनिमय करावा लागतो.

काकांना मी सांगितलं तेच इथे सांगतो. आधी नगररचना कार्यालयातून झोन दाखला, म्हणजे जमीन कुठल्या विभागात आहे याचा दाखला, घ्या. हरकतीत गट नंबर आणि क्षेत्र लिहा. विहीर, बागायत, वहिवाटीचा रस्ता जे असेल त्याचे फोटो आणि सातबारा जोडा. समक्ष सुनावणी हवी असं स्पष्ट लिहा. शेजारच्या गटांचा प्रश्न तोच असेल तर त्यांनाही वेगवेगळे अर्ज द्यायला सांगा. आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.