बेळगावच्या कुंद्याला नावं ठेवता, मग मॅकरॉनलाच का सोडता?

आज संध्याकाळी टिळकवाडीतल्या एका चकचकीत केकच्या दुकानातून मॅकरॉनचा, म्हणजे मधे क्रीम भरलेल्या त्या फ्रेंच बदामी बिस्किटांचा, डबा आणला आणि तेव्हापासून डोकं फिरलंय. दुकानाचं नाव लिहीत नाही. भिंतीवर आयफेल टॉवर, काचेआड रंगीत ओळी, दर मुंबईचा. घरी येऊन पिस्त्याचा म्हणून दिलेला उचलला तर वरचं टरफल सुटून हातात आलं. आत पोकळी, खाली चिकट लगदा. मधलं क्रीम म्हणजे डालडा आणि पिठीसाखर, टाळूला बसलेला थर गरम चहा घेतल्यावर गेला. बदामाचा वास शोधूनही सापडेना. तशीच परत गेले. काउंटरवरच्या पोराला विचारलं, ह्यात बदामच आहे ना? तो आत जाऊन आला. "मिक्स आहे मॅडम, शेंगदाणा पण असतंय." आणि वर म्हणतो, "मॅकरॉन असंच असतंय."

नाही रे बाबा, असंच नसतंय!

शहापूरला आमच्या ओळखीच्या एक वहिनी घरीच मॅकरॉन करतात. गेल्या आषाढात भाचीच्या वाढदिवसाची ऑर्डर द्यायला गेले तर त्यांनी तोंडावर नाही म्हटलं. "बाहेर पाऊस बघलीस काय? टरफलं सुकत नाहीत गं. पैसे घेऊन तुला चिरा पडलेलं देऊ काय?" ओट्यावर सकाळपासून एक ट्रे पडून होता. मला म्हणाल्या, बोट लाव. लावलं, तर गुलाबी पीठ बोटाला चिकटून वर आलं. बदामाची पूड, साखर आणि फेटलेला अंड्याचा पांढरा भाग, एवढाच तर मामला. पण ट्रेवर गोल पाडल्यावर ते उघड्यावर सुकून वर पातळ साय धरावी लागते. मग ओव्हनमध्ये वाफेला वरून वाट मिळत नाही, ती खालच्या कडेनं बाहेर येते आणि कडेला ती जाळीदार झालर धरते, जिला हे लोक 'फीट' म्हणतात. साय धरली नाही की वरून फुटलं. बेळगावचा पाऊस काय असतो ते तुम्हाला मी सांगायला नको.

त्यांनी तो अख्खा ट्रे टाकून दिला. माझ्यासमोर. बदामाचा भाव माहीत असलेल्या बाईनं.

आता कुणीतरी म्हणेल, पावसाचं काय सांगता, मुंबईत पूजा धिंग्रांनी २०१० मध्ये 'ले १५' हे केकचं दुकान काढून त्या दमट हवेत मॅकरॉन विकून दाखवलेच की. मान्य. एसी लावा, हवा कोरडी ठेवा, बाराही महिने करा. फ्रीझरमध्ये ठेवले तरी चालतात, तेही मान्य. पण मग बंद डब्यातच सावकाश साध्या हवेवर येऊ द्यायचे. फ्रीझरमधून काढून सरळ पावसाळी हवेत उघडे मांडले की घाम फुटून चिकट होणारच. दर मुंबईचा लावलाय ना, मग कामही तसंच करा.

माझा चुलतभाऊ पॅरिसहून येताना तिथल्या नावाजलेल्या दुकानांचे दोन डबे घेऊन आला होता, एक लाद्युरेचा आणि एक पिएर एर्मेचा. लाद्युरे म्हणजे १८६२ चं दुकान. दोन टरफलांत गनाश, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमचं सारण, भरून जोडायची पद्धत विसाव्या शतकात त्याच घराण्यातल्या पिएर देफोंतेन यांनी रूढ केली असं सांगतात. लाद्युरेचं टरफल अंड्याच्या कवचासारखं पातळ, दात लागेपर्यंत कळत नाही. पण गोड जास्त. मला एर्मेचा सरस वाटला. त्यांचा 'इस्पहान' गुलाब, लिची आणि रास्पबेरीचा आहे. रास्पबेरीचा आंबटपणा बरोबर मध्यावर येतो आणि साखर कापतो. टरफल मुळातच इतकं गोड की आत काहीतरी आंबट नाहीतर कडू हवंच, नाहीतर दुसरा खाववत नाही.

आणि हे सगळं तोंडात असतानाही मला आठवला तो वहिनींचा कोकम आणि डार्क चॉकलेटचा. पाऊस उघडल्यावर त्यांनी स्वतः फोन करून बोलावलं होतं. एक रात्र फ्रिजमध्ये ठेवूनच हातात दिला, कारण भरल्या भरल्या टरफल कोरडं असतं, आतला ओलावा शोषला की मऊ होतं. वरचा पापुद्रा हलकेच मोडला, मग चिवट मऊ, मग कोकम. भाचीनं डोळे मिटून खाल्ला. एर्मेच्या शेजारी ठेवा म्हणते मी.

फ्रान्समध्ये तरी काय वेगळं होतं? राज्यक्रांतीत, १७९२ साली, मठ बंद झाले तेव्हा नान्सी गावात दोन जोगिणींनी पोटासाठी मॅकरॉन करून विकले. क्रीम नाही, रंग नाही, साधे एकेरी, वर भेगा असलेले. आज त्या गावात त्यांच्या नावाचा रस्ता आहे. घरच्या ओव्हनमधलीच वस्तू ही. आणि आमच्याकडे आयफेल टॉवरचं चित्र बघून आम्ही गप्प बसतो.

खरा राग मला ह्याचा येतो. कुंद्याच्या बाबतीत आपण असं खपवून घेतो काय? कुणाचा रवाळ, कुणाचा चिकट, कुणी दूध नीट आटवलं नाही, कुणी नुसती साखर मारली, ह्यावर खडेबाजारात उभ्या उभ्या तासभर भांडतो. गोकाकचा करदंट, ती डिंक-सुक्यामेव्याची मिठाई, आणला की पहिल्यांदा डिंक बघतो. मग मॅकरॉन समोर आला की "फॉरेनचं आहे, असंच असेल" हे कुठून आलं? जीभ तीच आहे ना?

अंड्याचं म्हणाल तर आपल्या गावात बिनअंड्याचे लागतातच, लिंगायत आहेत, जैन आहेत. काबुली चणे शिजवलेलं पाणी फेटून करतात, बरे होतात. माझं काही म्हणणं नाही. पण शेंगदाणा घालून बदाम सांगायचं? एखाद्या पोराला शेंगदाण्याची ॲलर्जी असली तर? हे मी विचारलं म्हणून कळलं. डब्यावर एक अक्षर नाही, तारीखसुद्धा नाही.

त्या काउंटरवरच्या पोरावर मात्र माझा राग नाही. आत जाऊन खरं विचारून आला, खरं सांगितलं. त्याला कुणी चांगला मॅकरॉन खायला घातला असता तर "असंच असतंय" म्हणाला नसता. पुढच्या खेपेला वहिनींकडचा एक नेऊन देणार आहे त्याला.

कॅम्पात, हिंदवाडीत, वडगावात, खानापूरकडे, कुठंही कुणी खऱ्या बदामाचे करत असेल तर खाली लिहा. कुठला चांगला, अंड्याचा की बिनअंड्याचा, आणि पावसात देतात की नाही, तेही लिहा. वहिनींचा नंबर मागू नका, त्यांच्या ऑर्डरी दसऱ्यानंतरच.